बत्तालचा पेला

बत्तालचा पेला मी प्यालो तेव्हा सगळी बैठक हसली होती. त्या हसण्याची हकिगत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बत्ताल म्हणजे आमच्या दुहैमाचा अमीर. तेल लागायच्या आधी त्याचे वाडवडील आमच्यासारखेच उंटांमागून हिंडत आणि दुष्काळात आमच्याच विहिरीवर पाणी मागायला येत. तेल लागलं आणि जमीन त्याची झाली, समुद्र त्याचा झाला. तुरुंग तर आधीपासून त्याचाच होता.

माझा थोरला भाऊ फलाह तेलाच्या धक्क्यावर कामाला होता. धक्क्यावरच्या लोकांनी संप केला तेव्हा त्यांनी फलाहला पुढं घातलं, कारण त्याचा आवाज मोठा होता. आमच्या घरात सगळ्यांचे आवाज मोठे, माझा सोडून. जहाजं समुद्रात ताटकळत उभी राहिली. मग एक दिवस बत्तालनं फलाहकडे स्वतःची जपमाळ पाठवली. निरोप होता, ‘ही माझ्या शब्दाची खूण. ये, कॉफी पी, बोलू.’

फलाह गेला. राजवाड्यात बसून तीन पेले कॉफी प्याला, ‘आता पुरे’ म्हणून रीतीप्रमाणे पेला हलवला, आणि बाहेरच्या फाटकाशी पोचतो न पोचतो तोच त्याला धरला. तेलाच्या टाक्यांच्या आवारात जहाजातून माल येतो तसल्या मोठ्या लोखंडी पेट्या उन्हात पडलेल्या असतात. त्यांतल्या एकीत त्याला कोंडला. दिवस कडक उन्हाळ्याचे होते. तिथला पहारेकरी पुढं आमच्याकडे येऊन रडला, म्हणून कळलं की फलाह पाणी मागत होता, आणि मागायचा थांबला तेव्हा पहारेकऱ्याला बरं वाटलं होतं.

माणूस मारणं आमच्याकडे नवं नाही. पण ज्याच्या घशाखाली तुमच्या घरची कॉफी, निदान घोटभर पाणी उतरलं, तो तुमच्या बापाचा खुनी असला तरी तुमचा. त्याला काही झालं तर तुमच्या नातवंडांनासुद्धा कुणी मुलगी देणार नाही. बत्तालनं ही रीत मोडली. त्याच्या नातवंडांना मुली मिळाल्या. तेल होतं ना.

आमच्या बनी सिमाक टोळीचे शेख राजिह फलाहचं प्रेत मागायला राजवाड्यात गेले. भारी मागणी घेऊन आलेला पाहुणा पेला तोंडाला लावत नाही, समोर खाली ठेवतो. यजमान ‘पी, झालं तुझं काम’ म्हणाला की मगच पितो. शेखनी पेला खाली ठेवला. बत्ताल म्हणाला, “प्या शेख, झालं.” शेख प्याले. प्रेत आलं नाही.

त्यानंतर शेखनी टोळीची बैठक बोलावली. सगळ्यांच्या मधोमध गालिच्यावर त्यांनी एक भरलेला पेला ठेवला आणि म्हणाले, “हा बत्तालचा पेला. कोण पितो?”

असा पेला जो पिईल त्यानं त्या माणसाचा हिशेब पुरा करायचा. नाही जमलं तर टोळीत तोंड दाखवायचं नाही. म्हणून असा पेला कधीमधीच निघतो, आणि निघाला की लोकांना अचानक गालिच्यावरची नक्षी फार आवडायला लागते. त्या दिवशीही तसंच झालं. ज्यांच्या कमरेला खंजीर होते तेसुद्धा नक्षी बघत बसले.

मी तेव्हा कैरोहून शिकून नुकताच परतलो होतो आणि गावातल्या शाळेत मास्तर झालो होतो. दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसलो होतो. मांडीवर पुस्तक होतं. मी उठलो, मधे गेलो, पेला उचलला आणि प्यालो. कॉफी गार झाली होती. प्याल्यावर म्हणायचे शब्द असतात: ‘हा अमक्याचा पेला, आणि मी प्यालो.’ लहान पोरांनासुद्धा पाठ असतात. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ दुऐज ओरडला, “अरे, उस्तादला वाटलं त्याचीच कॉफी आहे!”

मग जे हसणं फुटलं! आतापर्यंत ज्यांना श्वास घेता येत नव्हता त्यांना तो घ्यायला निमित्त मिळालं होतं. शेख राजिहनी डोळे पुसले. “बस बेटा, बस,” ते म्हणाले, “तुला तुझी वेगळी देतो.” त्यांनी बत्तालचा पेला पुन्हा भरला. हसून झाल्यावर शूर होणं सोपं असतं. दुऐजनं पुढं होऊन तो उचलला, घटाघटा प्याला आणि शब्द खणखणीत उच्चारले. पडद्यामागून बायकांनी आनंदाचे चीत्कार काढले. त्यांत माझ्या बहिणीचा, शम्माचा आवाज नव्हता.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “चुकून प्यालास?”

“नाही.”

“मग जा आणि तसं सांग.”

मी गेलो नाही. कुणाला सांगणार होतो? सांगितलं असतं तर आणखी हसले असते.

शम्मा माझ्याहून मोठी. तिचा नवरा कोळी होता. तो वारल्यावर ती त्याचा मचवा घेऊन माझ्याकडे राहायला आली. मचवा आमच्या घरामागच्या खाडीत बांधलेला असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढं कॉफी ठेवली आणि म्हणाली, “हा तुझाच आहे, उस्ताद. बिनघोर पी.” त्या दिवसापासून रोज सकाळी हेच वाक्य. माझे केस पिकले तरी तिनं एक दिवस चुकवला नाही.

दुऐज वर्षभरात बत्तालच्या ससाणेखान्यात नोकरीला लागला. “आत शिरल्याशिवाय वार कसा करणार?” तो टोळीत सांगायचा. मग त्याला गाडी मिळाली, मग घर मिळालं, मग शिकारीच्या वेळी अमीरचा लाडका ससाणा मनगटावर घ्यायचा मान मिळाला. टोळी म्हणायची, दुऐज संधीची वाट बघतोय. उस्ताद उबैदनं चुकून पेला प्यायल्याची गोष्ट त्यानंच राजवाड्यात नेली. अमीर ती पाहुण्यांना सांगायला लावतो असं मी ऐकून होतो.

मी पोरांना शिकवत राहिलो. शिकवताना माझा आवाज पहिल्या दोन बाकांच्या पलीकडं जात नसे. मागून लाफी नावाचा एक दांडगा पोरगा रोज ओरडायचा, “उस्ताद, मोठ्यानं! मागच्या बाकापर्यंत येत नाही!” आणि सगळा वर्ग हसायचा. हसणं माझ्या पाचवीलाच पुजलेलं.

तर, राज्य उलथलं त्या सकाळी रेडिओवर कुराणपठणाऐवजी लष्करी बँड वाजत होता. मग एक तरुण आवाज आला. दुहैमात आजपासून अमीर नाही, असं त्यानं सांगितलं. लोकांनी घराबाहेर पडू नये, बत्ताल राजवाड्यातून निसटला आहे, त्याला आसरा देणाऱ्याची गय होणार नाही. मी रेडिओजवळ कान नेला.

“हा लाफी आहे,” मी म्हणालो.

“मागच्या बाकावरचा?” शम्मानं विचारलं. “बघ. तुझी पोरं राज्य उलथवतायत आणि तू अजून चष्मा शोधतोयस.”

चष्मा माझ्या कपाळावर होता.

दुपारच्या नमाजानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. राजवाड्याच्या बाजूला धूर सरळ उभा होता, वारा अजिबात नव्हता. अशा वेळी मागच्या दारावर थाप पडली. दारात दुऐज होता. त्याच्यामागं खाडीच्या कडेला ससाणे न्यायची बंद गाडी उभी होती.

“उबैद, भाऊ, देवानं तुला मोठा मान दिलाय,” तो धापा टाकत म्हणाला. “बाजूला हो.”

त्याच्या मागून बत्ताल आत आला. अंगात ससाणेवाल्याचा मळका झगा, खांद्यावर पीस चिकटलेलं. गाडीत पक्ष्यांमधे बसून आला होता, आणि त्याला पक्ष्यांचा वास येत होता. पण चाल तीच होती. कुणी ‘बसा’ म्हणायच्या आत तो माझ्या बैठकीच्या वरच्या कोपऱ्यात, पाहुण्याच्या जागी, उशीला टेकून बसला.

“इथं नाही ना शोधणार?” त्यानं दुऐजला विचारलं.

“हुजूर, उस्तादच्या घरात कोण शोधणार? ती सगळी पोरं याचीच. आणि हा... हा तर हाच आहे.”

“हाच म्हणजे?” बत्तालनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. राज्य गेलेल्या माणसाचा चेहरा असा उजळेल असं मला वाटलं नव्हतं. “माझा पेला चुकून प्याला तो?”

“तोच, हुजूर.”

“सांग. पुन्हा सांग. आज मला हसायची गरज आहे.”

दुऐजला घाम फुटला होता. तरी त्यानं सांगितलं. माझ्या घरात, माझ्यासमोर, मी चाचपडत कसा उठलो, कसा पेला उचलला आणि माशासारखं तोंड कसं उघडलं, हे सगळं त्यानं करून दाखवलं. तो फार हुबेहूब करतो. मी हात बांधून उभा राहिलो. बत्ताल पोट धरून हसला.

आत शम्मानं कॉफीचे दाणे भाजून खलबत्त्यात घातले होते. नक्कल चालू होती तेवढा वेळ खलबत्ता थांबला. नक्कल संपली आणि तो पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्यानं. आमच्याकडे पितळी खलबत्ता मुद्दाम वाजवून कुटतात. त्याचा नाद गल्लीत गेला की शेजाऱ्यांनी समजायचं, या घरी पाहुणा आलाय, कॉफीला या.

दुऐज पडद्यापाशी धावला. “शम्मा, हळू जरा! आज गाव बोलवायचा दिवस आहे का?”

“अरे वा!” शम्मा आतून कडाडली. “माझ्या दारात अमीर आलाय, आणि मी चोरट्यासारखी मुकाट कॉफी कुटू? तुझ्या घरी कुटत असतील तशी. लोक काय म्हणतील, सिमाकांच्या मुलीला रीत माहीत नाही?”

“वाजू दे,” बत्ताल समाधानानं म्हणाला. “हिला कळतं कोण आलंय ते.”

आणि खलबत्ता वाजत राहिला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. बंदीच्या दिवशी, भर दुपारी, मुक्या गल्लीत.

मी कॉफी आणायला आत गेलो. शम्मानं किटली माझ्या हातात दिली नाही.

“देणार त्याला?”

“दारात आलाय, शम्मा.”

“फलाहही त्याच्या दारात गेला होता.”

“म्हणून तर. मी नाही दिली तर त्याच्यात आणि माझ्यात...”

“त्याच्यात आणि तुझ्यात काय फरक ते मला शिकवू नकोस. तू त्याचा पेला प्यालायस.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. “तुला माहीत होतं?”

“मूर्खा, तू चष्मा लावला होतास. चष्मा लावल्यावर तू आयुष्यात कधी दुसऱ्याची वस्तू उचलली नाहीस.”

“मग रोज सकाळी ते...”

“विसरू नयेस म्हणून,” ती म्हणाली आणि किटली माझ्या हातात दिली. “जा. पाज त्याला. मग त्याला वाचवायला लाफीच्या बंदुकीसमोर उभा राहा. रीत आहे ना.”

तेच होतं. त्यानं एक घोट घेतला की तो माझा. मला त्याच्यापुढं ढाल होऊन उभं राहावं लागणार होतं, आणि मी राहिलो असतो. मला स्वतःबद्दल फार थोड्या गोष्टींची खात्री आहे, त्यांतली ही एक. डाव्या हातात किटली आणि उजव्या हातात पेला घेऊन मी बाहेर आलो. ओतताना थोडी कॉफी गालिच्यावर सांडली. फलाहचा हिशेब आणि मी, आमच्यामधे आता फक्त त्या माणसाचा घसा होता.

बत्तालनं पेला घेतला. ओठांपर्यंत नेला, वेलदोड्याचा वास घेतला. मी डोळे मिटले.

टक्, असा आवाज आला. मी डोळे उघडले. त्यानं पेला खाली गालिच्यावर ठेवला होता.

दुऐज त्याच्या कानाशी वाकला. “हुजूर, आधी प्या. मागणं मागून.”

“तू मला रीत शिकवणार? नुसत्या कॉफीनं काय मिळेल मला? तीन दिवसांचा आसरा. तीन दिवसांत ही पोरं घराघरात शिरतील.” तो माझ्याकडे वळला. “उस्ताद, माझी मागणी आहे. मागच्या खाडीत मचवा आहे. बाहेर समुद्रात एक जहाज माझ्यासाठी थांबलंय. अंधार पडला की दुऐज मला घेऊन जाईल. तू फक्त हो म्हणायचं.”

मी किटली खाली ठेवली.

“लाजतोय,” तो दुऐजला म्हणाला. मग मला म्हणाला, “अरे, ‘पी, झालं’ म्हण. दोन शब्द आहेत. एवढं शिकलास, दोन शब्द येत नाहीत?”

पेल्यातून वाफ येत होती. मी तिच्याकडे बघत विचारलं, “माझ्या भावानं पेला खाली ठेवला होता का?”

“कुठल्या भावानं?”

“फलाहनं.”

“कोण फलाह?”

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं, तिथं खरोखर कुणी फलाह नव्हता. दुऐज मात्र गालिच्यावरची नक्षी बघायला लागला.

“संपवाला,” मी म्हणालो. “तुम्ही जपमाळ पाठवली होती. तो लगेच प्याला. तीन पेले. त्यानं आधी खाली ठेवायला हवा होता.”

“संप तर किती झाले,” बत्ताल वैतागून म्हणाला. “जुनं उकरायची ही वेळ आहे का? हो म्हण आणि मोकळा हो.”

तेव्हा पुढच्या दारावर धडका बसल्या. “उस्ताद!” बाहेरून कुणी ओरडलं. “उस्ताद, खलबत्ता ऐकला. एवढ्या मोठ्यानं कोण कुटतंय? ठीक आहात ना?”

तो आवाज मी हजारात ओळखला असता.

बत्तालला माणसं ओळखता येत नसतील, पण तो तंबूत जन्मलेला होता. त्याची नजर दारावरून माझ्याकडे आली, माझ्यावरून खाली पेल्याकडे गेली, आणि त्याला कळलं. आपण या घराचं काहीच घशाखाली घातलेलं नाही, हे त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. त्याचा हात झेपावला.

माझा आधी पोचला. कसा, ते मला माहीत नाही. आयुष्यात मी कुठंच पहिला पोचलो नाही. मी पेला उचलला आणि एका दमात प्यालो. कॉफी कढत होती, जीभ पोळली, टाळू पोळला. मी पेला उलटा करून त्याच्यासमोर ठेवला.

“हा बत्तालचा पेला,” मी म्हणालो, “आणि मी प्यालो.”

आवाज मोठा नव्हता. पण आला होता.

“थट्टा पुरे,” बत्ताल म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. अंगणाच्या दारात शम्मा पाण्याचा घडा घेऊन उभी होती. तो तिच्याकडे वळला. “बाई, पाणी दे. घोटभर. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही.”

“नाही म्हणत कुणी,” शम्मा म्हणाली. “मी तरी कुठं नाही म्हणतेय?” ती अंगणातल्या बोरीपाशी गेली आणि घडा तिच्या मुळाशी रिकामा केला. हळूहळू. घाई नव्हती तिला. पाण्याचा आवाज बैठकीत ऐकू येत होता. शेवटचा थेंब पडल्यावर तिनं घडा झटकला आणि जाऊन दार उघडलं.

दारात लाफी होता, त्याच्या मागं पाच-सहा शिपाई, आणि त्यांच्या मागं धक्क्यावरचे कामगार, हातात लोखंडी पहारी घेतलेले. दुऐजनं त्यांना पाहिलं. मग त्यानं जे केलं त्याची त्याला लहानपणापासून सवय होती. त्यानं बत्तालची मान धरली आणि त्याला फरफटत उंबऱ्यापर्यंत आणलं.

“धरला!” तो खणखणीत आवाजात ओरडला. “मी बनी सिमाकचा दुऐज! याचा पेला मी प्यालो होतो. सगळ्या टोळीला विचारा! आज पुरा केला!”

कामगारांतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. त्यांनी ते ऐकलं होतं. एकजण ‘शाबास’ही म्हणाला. मला पुन्हा ती बैठक दिसली, पुन्हा तो दुसरा भरलेला पेला. हे असंच होणार होतं. मी पुटपुटलो.

“काय म्हणालात, उस्ताद?” लाफीनं विचारलं.

मी पुन्हा पुटपुटलो.

“मोठ्यानं, उस्ताद. मागच्या बाकापर्यंत येत नाही.”

शिपाई हसले. सगळे माझेच विद्यार्थी. पण या हसण्यात काही वेगळं होतं, ते मी बोलण्याची वाट बघत हसत होते.

“दुऐज त्याचा पेला एकदा प्याला,” मी म्हणालो, “आणि त्याची कॉफी रोज. तो पेला आज मी प्यालोय. मागच्या दारी ससाण्यांची गाडी आहे, जाऊन बघा. अमीर तिच्यात बसून आला. याच्या खांद्यावर पीस आहे, आणि गाडीची किल्ली दुऐजच्या खिशात आहे.”

कुणी हसलं नाही. दुऐजचा हात बत्तालच्या मानेवरून आपोआप खाली आला. ‘शाबास’ म्हणणाऱ्यानंच त्याच्या खिशातून किल्ली काढली.

“उबैद, अरे, रक्ताचं नातं आहे आपलं,” दुऐज म्हणाला.

“फलाहचंही होतं,” शम्मा म्हणाली.

बत्ताल मात्र माझ्याकडेच बघत होता. “पाहुण्याला पकडून देतोस?” तो म्हणाला. “मग तुझ्यात आणि माझ्यात काय फरक राहिला, मास्तर?”

हा प्रश्न तो विचारणार हे मला माहीत होतं. कॉफी ओतताना मी तोच स्वतःला विचारत होतो.

“माझा भाऊ तुझी कॉफी प्याला होता,” मी म्हणालो. “तू माझी प्याला नाहीस.”

लाफीच्या माणसांनी दोघांचे हात बांधले. लाफी टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा. “याला कुठं न्यायचं, उस्ताद? तुरुंग भरलाय. न्यायालय अजून उभं राहायचंय. पेला तुमचा आहे, तुम्ही सांगाल तसं.”

मी या मुलांना इतिहास शिकवला होता. राजे जातात आणि कायदा राहतो, असा एक धडा होता, तो मला फार आवडायचा. लाफीलाही तो आठवत असावा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला वाटतं, त्याला हवं ते उत्तर मी द्यावं अशी त्याची इच्छा होती.

“टाक्यांच्या आवारात,” मी म्हणालो. “लोखंडी पेटीत.”

“काय?” त्यानं ऐकलं होतं. तरी मला दुसरी संधी द्यावी म्हणून त्यानं विचारलं. “मोठ्यानं, उस्ताद.”

मी मोठ्यानं सांगितलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. कुणी म्हणू नये की उस्ताद चुकून बोलला.

कामगारांनी पहारी जमिनीवर आपटल्या. लाफीनं टोपी घातली. बत्तालला नेताना त्याच्या खांद्यावरचं पीस गळून माझ्या उंबऱ्यात पडलं. शम्मानं ते झाडून टाकलं.

पुढं मी एकदाच त्या आवारात गेलो. आत काही बघितलं नाही. पहाऱ्यावर माझाच एक जुना विद्यार्थी होता. त्याला विचारलं, “पाणी मागितलं का त्यानं?” तो खाली बघून हो म्हणाला. तेवढंच ऐकायला गेलो होतो. परत आलो.

मला सगळ्याच गोष्टींची शंका येते. दाराला कडी लावली की नाही हे बघायला मी दोनदा उठतो. वर्गात सांगितलेलं बरोबर होतं का, हे रात्री पुस्तक काढून तपासतो. तेव्हा वाटलं, याचीही शंका येईल, आज नाही तर उद्या. मी तिची वाट बघितली. आली नाही. कधीतरी तो आवडता धडा शिकवताना क्षणभर अडखळतो, पण मग पुढं जातो.

त्या आवारातून परतल्यानंतरच्या सकाळी शम्मानं नेहमीसारखी कॉफी केली. पेला माझ्यासमोर ठेवला. मी चष्मा लावला आणि तिच्या त्या वाक्याची वाट बघत बसलो.

ती काहीच बोलली नाही. स्वतःचा पेला घेऊन माझ्याशेजारी बसली, आणि आम्ही दोघांनी कॉफी प्यायली.